पोलरायझर लावूनही चकाकी जात नाही? आधी ती कुठून येते ते शोधा

काचेच्या फ्रेममधल्या चित्राचा फोटो काढायचा आहे. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापण्यासाठीचा फिरवता येणारा फिल्टर, चढवला, त्याची कडी पूर्ण फिरवून पाहिली, आणि चकाकी जिथल्या तिथे. मध्येच थोडी फिकी झाल्यासारखी वाटते, कडी आणखी फिरवली की पुन्हा तेच. मग दुसरा फिल्टर आणला जातो आणि त्यानेही काही फरक पडत नाही. ही अडचण माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. मी स्वतः ती कित्येक वर्षं सोबत वागवली आहे, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

चित्रं आणि जुनी कागदपत्रं यांचे फोटो काढणं हे माझं काम. सुरुवातीच्या काळात एका जलरंगातल्या चित्राचा फोटो काचेसकट काढायचा होता, काच उतरवायची परवानगी नव्हती. ट्रायपॉड अगदी समोरासमोर लावला, सगळं काटकोनात आणलं आणि तासभर कडी फिरवत बसले. चित्रात एका झाडाचं काळंभोर खोड होतं आणि त्या खोडावर माझाच पांढरा सदरा स्वच्छ दिसत होता. फिल्टर खराब आहे असं ठरवून मी तो परत केला. त्यात काहीही दोष नव्हता. मी त्याला अशा जागी उभं केलं होतं, जिथे त्याला करण्यासारखं कामच नव्हतं.

पोलरायझर एकच गोष्ट करतो. प्रकाशलहरीचं कंपन एका ठरावीक दिशेत असेल तर तो तिला जाऊ देतो, त्या दिशेशी काटकोनात असेल तर अडवतो. चकाकीचा प्रकाश मुख्यतः एकाच दिशेत कंप पावत असेल तरच त्याला अडवण्यासारखं काही सापडतं. आणि चकाकी तशी आहे की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: ती कुठल्या पदार्थावरून परतली आणि किती तिरकी परतली. काच, पाणी, वार्निश ही मंडळी एका पद्धतीने वागतात, धातू पूर्ण वेगळ्या पद्धतीने, आणि आत ताण राहिलेलं प्लास्टिक तिसऱ्याच. म्हणून कडीला हात लावण्याआधी चकाकी कुठून येते ते ओळखायचं. खाली जे आहे ते सगळं या एका ओळखीसाठी आहे.

फिल्टर ठीक आहे ना, एवढं आधी बघा

याला अर्धं मिनिट लागतं. एलसीडी पडदा असलेला साधा कॅल्क्युलेटर किंवा लॅपटॉप घ्या. या पडद्यांतून बाहेर पडणारा प्रकाश मुळातच एका दिशेत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवीभूत असतो. फिल्टरची पुढची बाजू पडद्याकडे आणि लेन्सला बसणारी आट्यांची बाजू डोळ्याकडे धरून फिरवा. पूर्ण फेरीत पडदा दोनदा काळाठिक्कर व्हायला हवा आणि दोनदा उजळायला हवा. होत असेल, तर फिल्टर उत्तम आहे, त्याच्यामागे लागू नका.

फिल्टर उलटा धरला तर पडदा काळा होत नाही, फक्त रंगाची छटा किंचित बदलते. घाबरू नका. हल्ली बहुतेक फिल्टर वर्तुळाकार प्रकारचे असतात. त्यात पुढे ध्रुवीकरणाचा थर आणि मागे प्रकाशाला वळसेदार करणारा दुसरा थर असतो. कॅमेऱ्यातल्या अर्धपारदर्शक आरशाला आणि फोकस यंत्रणेला सरळ ध्रुवीभूत प्रकाशाने चकवू नये म्हणून हा मागचा थर दिलेला असतो. उलट बाजूने पाहिलं की तो मागचा थर आधी येतो आणि परीक्षाच फसते. मी परत केलेल्या त्या फिल्टरची परीक्षा मी अशीच उलटी केली होती.

समोरासमोर उभे आहात का?

दहापैकी आठ तक्रारी इथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

काचेचा अपवर्तनांक, म्हणजे तिच्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचं माप, साधारण १.५. प्रकाश तिच्यावर सरळ, म्हणजे स्तंभिकेच्या (पृष्ठभागाशी काटकोनात असलेल्या रेषेच्या) दिशेने पडला की प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के परततो. काचेला पृष्ठभाग दोन, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास. ऐकायला थोडं वाटतं. पण काचेमागच्या झाडाचं काळं खोडही मुळात जेमतेम ४-५ टक्केच प्रकाश परत पाठवत असतं. मग समोर उजेडात पांढरा सदरा असला, की त्याचं प्रतिबिंब आणि खोड यांची बरोबरी होते किंवा सदराच जिंकतो. चकाकी नेहमी गडद भागात का टोचते याचं कारण हेच. पांढऱ्या कागदावरही ती तेवढीच असते, तिथे ती नजरेत भरत नाही.

आता मुख्य मुद्दा. सरळ पडून सरळ परतणाऱ्या प्रकाशात दोन्ही दिशांची कंपनं सारख्याच प्रमाणात परततात. निवड झालेलीच नसते, त्यामुळे पोलरायझरला चकाकी आणि चित्र यांत फरकच करता येत नाही. दोन्ही सारखेच अंधारतात. आपण एक्स्पोजर वाढवतो, म्हणजे कॅमेऱ्यात जास्त प्रकाश घेतो, आणि चकाकी चित्राबरोबर परत वर येते.

जसजसा प्रकाश तिरका पडू लागतो, तसतशी ही बरोबरी मोडते. आपतन कोन, म्हणजे पडणाऱ्या प्रकाशाचा स्तंभिकेशी कोन, ३० अंश असेल तर एका दिशेच्या कंपनाचा सुमारे ६ टक्के भाग परततो आणि दुसऱ्याचा अडीच. ४५ अंशांवर पहिला ९ टक्के आणि दुसरा एक टक्क्याहूनही कमी. ५६ अंशांच्या जवळ दुसरा शून्य होतो, आणि पहिला जवळपास १५ टक्क्यांवर गेलेला असतो. या कोनावर काचेवरची चकाकी पूर्णपणे एकाच दिशेत कंप पावते. कडी योग्य जागी आली की ती दिवा मालवावा तशी नाहीशी होते. पण इथे थांबून आणखी तिरकं गेलं तर फायदा पुन्हा ओसरतो: ८० अंशांवर पहिला ५४ टक्के आणि दुसराही २४ टक्के. काचेला जवळजवळ चिकटून, खूप आडव्या कोनातून पाहिलं तर पोलरायझर अर्धवटच काम करतो तो यामुळे.

असं का होतं हे मला समजायला वेळ लागला, पण एकदा समजल्यावर कोन पाठ करावे लागले नाहीत. प्रकाश काचेत शिरतो तेव्हा त्याच्या तालावर काचेतले इलेक्ट्रॉन हलू लागतात आणि हे हलणारे इलेक्ट्रॉनच परतणारा किरण निर्माण करतात. इलेक्ट्रॉन ज्या रेषेत हलतो त्या रेषेच्या टोकाकडे तो प्रकाश टाकत नाही, बाजूंना टाकतो. परतणारा किरण आणि काचेत शिरलेला किरण एकमेकांशी बरोबर काटकोनात आले, की एका दिशेचं कंपन नेमकं परतणाऱ्या किरणाच्या रेषेत येऊन बसतं. त्या कंपनाला परतायला वाट उरत नाही. उरतं ते फक्त दुसरं कंपन, आणि आपला फिल्टर त्यालाच अडवतो.

एतिएन लुई मालूस या फ्रेंच अभियंत्याला १८०८ साली पॅरिसमध्ये हे पहिल्यांदा दिसलं, तेही सहज. लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर मावळता सूर्य चमकत होता आणि तो ते प्रतिबिंब कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहत होता. या स्फटिकातून वस्तू दोन दिसतात. स्फटिक फिरवल्यावर दोन प्रतिमांपैकी एक मंदावत जाते, मग दुसरी, असं त्याच्या लक्षात आलं. कोनाचा नेमका नियम डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१५ मध्ये मांडला: त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे पदार्थाचा अपवर्तनांक. काचेसाठी ५६ अंश, पाण्यासाठी ५३. कोन स्तंभिकेपासून मोजायचा, पृष्ठभागापासून नाही. ही गल्लत फार जणांकडून होते आणि मग ५६ ऐवजी ३४ अंशांवर उभं राहून माणूस वैतागतो.

मग समोरासमोरचा फोटो हवाच असेल तर? पोलरायझर काढून ठेवा. तो लावून प्रकाश निम्म्याहून कमी होतो, बाकी काही नाही. इथे उपाय आहे आरसा. हातात मावेल असा छोटा सपाट आरसा फ्रेमच्या काचेवर टेकवा आणि लेन्स जिथे आहे तिथे डोळा नेऊन पाहा. आरशात जे दिसतं तेच काचेत चकाकणार. खिडकी दिसते? पडदा ओढा. दिवा दिसतो? बाजूला सरकवा. कॅमेरा आणि तुम्ही दिसता? मध्ये काळं कापड धरा, त्याला लेन्सपुरतं भोक पाडा. आरसा मध्यावर ठेवून समाधान मानू नका, चारही कोपऱ्यांवर टेकवून पाहा. कारण प्रत्येक कोपरा खोलीचा वेगळा भाग दाखवतो आणि बहुतेक वेळा खोडी एखाद्या वरच्या कोपऱ्यात असते, छतावरच्या दिव्याची.

शक्य असेल तर लांब पल्ल्याची लेन्स लावून मागे जा. जवळून वाइड लेन्सने काढताना काचेच्या कडा कॅमेऱ्याला बऱ्याच तिरक्या दिसतात आणि खोलीचा मोठा पट्टा त्यांत येतो. मागे गेलं की हा पट्टा आक्रसतो आणि दिवे ठेवायला सुरक्षित जागा वाढते. दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, किंवा त्याहूनही जास्त कडेला, असे दोन दिवे आणि बाकी खोली अंधारी: एवढ्याने सपाट काचेचं बहुतेक काम होतं.

एक चकाकी गेली की दुसरी उगवते

खिडकीशेजारचं गुळगुळीत टेबल आणि मागे उभी काच, दोन्ही एकाच चौकटीत. कडी फिरवून टेबल साफ केलं की खिडकी पेटते, खिडकी साफ केली की टेबल. इथे काहीही बिघडलेलं नाही. आडव्या पृष्ठभागावरून येणारी चकाकी आडव्या दिशेत कंप पावते, आणि बाजूने पाहिलेल्या उभ्या काचेची चकाकी उभ्या दिशेत. एकच कडी एका वेळी दोन्ही अडवू शकत नाही. ट्रायपॉडवरून दोन फोटो काढा, कडी दोन स्थितींत ठेवून, आणि नंतर जोडा. दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

धातू असेल तर

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे, म्हणून थोडी रेंगाळते.

धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाश आत शिरण्याआधीच ते त्याला परत फेकतात, आणि दोन्ही दिशांच्या कंपनांना जवळपास सारख्याच जोमाने. पॉलिश केलेली चांदी दृश्य प्रकाशाचा ९५ टक्क्यांच्या वर भाग परतवते, ॲल्युमिनियम ९० टक्क्यांच्या आसपास. काचेसारखा असा एकही कोन नाही जिथे धातूवर एका कंपनाचं परावर्तन शून्य होतं. म्हणून पितळ, स्टील, चंदेरी कागद, आरशामागचा ॲल्युमिनियमचा थर यांच्यावर कडी कितीही फिरवली तरी फरक नाममात्र.

याची खूण ओळखायला सोपी आहे. काच, पाणी, वार्निश, प्लास्टिक यांच्यावरची चमक दिव्याच्या रंगाची असते, वस्तूच्या रंगाची नाही. लाल रंगाच्या चकचकीत डब्यावर पांढऱ्या दिव्याचा ठिपका पांढराच दिसतो. तांबं, पितळ, सोनं यांच्यावर तोच ठिपका तांबूस किंवा पिवळा होतो. चमकेला वस्तूचा रंग असेल तर ती धातूची. रुपेरी धातूंना ही खूण लागू पडत नाही, पण मग तिरक्या कोनातून फिल्टर फिरवून पाहा: चमक मंदावली तर वर लाखेचा किंवा वार्निशचा थर आहे, तसूभरही हलली नाही तर उघडा धातू. कित्येकदा दोन्ही एकावर एक असतात. वरच्या लाखेची चमक जाते आणि खालच्या धातूची राहते, आणि वाटतं की फिल्टर अर्धवट चालतोय. तो पूर्ण चालतोय, त्याच्या हद्दीपुरता.

तैलचित्रांसाठी आणि सुरकुतलेल्या वार्निशसाठी एक जोरकस पद्धत वापरतात: दिव्यांवरही ध्रुवीकरणाची फिल्म लावायची आणि लेन्सवरचा फिल्टर तिच्याशी काटकोनात ठेवायचा. वार्निशवरून थेट परतलेला प्रकाश आपलं कंपन बदलत नाही, म्हणून तो अडतो. जो प्रकाश रंगाच्या थरात शिरतो, कणाकणांवर आपटत भरकटतो आणि मग बाहेर येतो, त्याचं कंपन सगळीकडे विस्कटलेलं असतं; त्यातला निम्मा पार होतो. म्हणजे फक्त रंग दिसतो, चमक नाही. गडद निळे, तपकिरी असे रंग पहिल्यांदा असे पाहिले तेव्हा मी कॅमेरा सोडून नुसती चित्राकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने पाहत राहिले होते. पद्धत समोरासमोरही चालते, कारण इथे ध्रुवीकरण काचेवर सोपवलेलं नसतं, ते आपण दिव्यापाशीच करून पाठवतो.

पण एका चित्रात मागे सोनेरी वर्ख होता. उघड्या डोळ्याला उबदार, श्वास घेतोय असं वाटणारं सोनं. फोटोत तिथे काळे डाग. पहिल्यांदा मला वाटलं वर्ख उडालाय आणि खालचा थर दिसतोय, इतका तो काळा होता. कारण सरळ आहे: धातूत प्रकाश शिरून भरकटत नाही, सगळाच थेट परततो, कंपन न बदलता, आणि आपण नेमका तोच प्रकाश अडवत असतो. सोन्याला दाखवायला दुसरं काही उरतच नाही.

यावर मी आता दोन फोटो काढते. एक काटकोनी ध्रुवीकरणाचा, रंगांसाठी. दुसरा फिल्टर काढून, दिवे बाजूला वळवून आणि वर्खाला मोठा पांढरा कागद दाखवून. धातूला जे दाखवावं ते तो दाखवतो. समोर मोठा, मऊ, पांढरा पृष्ठभाग असला की सोनं समान उजळतं आणि ठिपके पडत नाहीत. मग वर्खापुरता दुसऱ्या फोटोचा भाग पहिल्यात बसवायचा. हे काम वेळखाऊ आहे, आणि ते टाळून सोनं नंतर पिवळ्या रंगाने भरणं मला पटत नाही.

काटकोन नीट साधण्यासाठी चित्राशेजारी एक स्टीलचा चमचा ठेवा. चमच्यावरचा दिव्याचा ठिपका सर्वांत काळा होईपर्यंत कडी फिरवा. डोळ्याने चित्राकडे पाहून अंदाज करण्यापेक्षा हे कितीतरी अचूक. काटकोन १० अंशांनी चुकला तर सुमारे ३ टक्के चकाकी निसटते, २० अंशांनी चुकला तर जवळपास १२ टक्के. दोन दिवे असतील तर दोन्हींवरच्या फिल्मची दिशा एकच हवी. एक दिवा बंद करून दुसरा तपासा, मग उलट. चमच्यावर एक ठिपका काळा आणि दुसरा लख्ख असं दिसलं, तर दुसऱ्या दिव्याची फिल्म वळवून बसवा. या पद्धतीत प्रकाश फार खर्ची पडतो, दोन स्टॉप (एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) तर नक्कीच आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त, त्यामुळे लांब एक्स्पोजर आणि न हलणारा ट्रायपॉड लागणार. आणि फिल्म तापणाऱ्या दिव्याला चिकटवू नका, ती फुगते.

इंद्रधनुषी डाग दिसतात

चकाकी गेली, पण तिच्या जागी जांभळे-हिरवे पट्टे किंवा ठिपक्यांची जाळी आली. फ्रेमला काचेऐवजी प्लास्टिक असेल, किंवा वाहनाच्या कडक केलेल्या काचेतून, विमानाच्या खिडकीतून फोटो काढत असाल, तर हे हमखास होतं.

ही लेन्सची चूक नाही. साच्यात ओतताना किंवा कडक करताना पदार्थात ताण राहून जातो. ताण असलेल्या जागी दोन दिशांची कंपनं वेगवेगळ्या वेगाने पुढे जातात, एक मागे पडतं. किती मागे पडलं याचा परिणाम प्रत्येक तरंगलांबीवर वेगळा होतो. मागचा प्रकाश आधीच ध्रुवीभूत असेल आणि पुढे आपला फिल्टर असेल, तर काही रंग गळतात आणि काही उरतात. मघाचाच एलसीडी पडदा लावा, त्यावर पारदर्शक प्लास्टिकची फूटपट्टी धरा आणि फिल्टरमधून पाहा. पट्टीच्या भोकांभोवती आणि जिथून प्लास्टिक साच्यात शिरलं त्या टोकाशी रंग दाटीवाटीने जमलेले दिसतील; जितकी दाटी, तितका ताण. याच पद्धतीने अभियंते प्लास्टिकच्या नमुन्यांत ताण कुठे साचतो ते शोधतात.

उपाय एकच, फिल्टर काढा. आकाशाचा निळा प्रकाश सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त ध्रुवीभूत असतो, त्यामुळे विमानातून काढताना त्या भागाकडे पाहणं टाळलं तरी पट्टे बरेच कमी होतात. फ्रेमसाठी प्लास्टिक निवडणं तुमच्या हातात असेल तर ओतीव ॲक्रिलिक घ्या, पॉलिकार्बोनेटमध्ये हा त्रास जास्त.

वर्तुळाकार, एकात एक अशा रंगीत कड्या दिसत असतील आणि फिल्टर काढूनही त्या तशाच राहत असतील, तर ते वेगळं प्रकरण. फोटो किंवा फिल्म काचेला जवळजवळ चिकटली आहे आणि मधल्या हवेच्या अतिपातळ फटीत दोन परावर्तनांचं व्यतिकरण होतंय, म्हणजे त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून काही रंग वाढतात, काही खोडले जातात. यांना न्यूटनची वलयं म्हणतात. कागद आणि काच यांच्यात पुठ्ठ्याची पट्टी घालून अंतर ठेवा, वलयं जातात.

पाणी आणि मत्स्यपेटी

उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावर पोलरायझर खऱ्या अर्थाने खुलतो. पृष्ठभागापासून ३७ अंश वरून पाहा, म्हणजे स्तंभिकेपासून ५३ झाले. तळाचे दगड अचानक समोर येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये जहाजावर नेमकं हेच केलं होतं. इंग्लंडहून परतताना नार्कुंडा बोटीवरून भूमध्य समुद्र पाहताना त्यांच्याकडे निकोल प्रिझम होता, म्हणजे त्या काळचा पोलरायझर. समुद्राचा निळा रंग हा आकाशाच्या प्रतिबिंबाचा आहे असं ब्रिटिश शास्त्रज्ञ रॅले यांचं म्हणणं होतं. रामन यांनी ब्रूस्टरच्या कोनातून प्रिझम धरून ते प्रतिबिंब काढून टाकलं, आणि निळाई गेली नाही, उलट आणखी गडद झाली. ती पाण्याच्या आतून येत होती. एक प्रतिबिंब बाजूला सारून मागचं खरं पाहायचं, हे आपल्या कामाइतकंच साधं काम, आणि तिथून सुरू झालेला विकिरणाचा, म्हणजे प्रकाश विखुरण्याचा, शोध १९२८ मध्ये रामन परिणामापर्यंत पोहोचला. मी प्रत्येक नवशिक्याला हे सांगते.

मत्स्यपेटीचं गणित मात्र उलट आहे. जाड काचेतून आणि पाण्यातून तिरकं पाहिलं की अपवर्तनामुळे प्रतिमा धूसर होते आणि कडांना रंगीत किनार येते, कारण निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो. पोलरायझरला तिरका कोन हवा, आणि स्पष्टतेला सरळ. इथे मी नेहमी स्पष्टतेच्या बाजूने उभी राहते: फिल्टर काढा, लेन्सवर रबरी हूड चढवा आणि तो काचेला टेकवा. बाहेरचा प्रकाश आत येतच नाही, मग चकाकी कशाची होणार?

आणि वरच्या बाजूला उलटा, चांदीसारखा दुसरा मासा दिसत असेल, तर तो कुठल्याच फिल्टरने जाणार नाही. पाण्यातून वर जाणारा प्रकाश स्तंभिकेशी ४८.६ अंशांहून जास्त तिरका असेल तर बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा परततो. हे पूर्ण आंतरिक परावर्तन, यात दोन्ही कंपनं शंभर टक्के परततात. कॅमेरा थोडा वर-खाली करा, एवढंच.

धुकट पडदा

चकाकीचा ठिपका किंवा आकार दिसत नाही, नुसता सगळीकडे दुधाळपणा आहे: काच पुसा, दोन्ही बाजूंनी. धूळ, बोटांचे ठसे आणि बारीक ओरखडे प्रकाश सर्व दिशांना विखुरतात आणि कंपनंही विस्कटून टाकतात. खरबरीत केलेली ‘चकाकीविरहित’ काच असेल तर हा दुधाळपणा तिच्या पोटातच आहे. ती चकाकी घालवत नाही, पसरवते.

लेपित काच वेगळी. तिच्यावर पातळ थर असतात. सर्वांत साध्या प्रकारात मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे १०० नॅनोमीटरचा एकच थर असतो, म्हणजे त्या थराच्या आत हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा चौथा हिस्सा. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना खोडतात आणि ४ टक्क्यांचे सव्वाच्या आसपास उरतात. अनेक थर असले तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. अमेरिकन शास्त्रज्ञ कॅथरीन ब्लॉजेट यांनी १९३८ मध्ये बेरियम स्टिअरेटचे, प्रत्येकी एकाच रेणूइतके जाड, ४४ थर चढवून जवळजवळ अदृश्य काच करून दाखवली होती. लेपित काचेची ओळख म्हणजे उरलेली चकाकी जांभळट किंवा हिरवट दिसते. असा रंग दिसला, तर मी दिवे जागेवर नेण्यात वेळ घालवते, फिल्टर पिशवीतच राहतो.

फुगीर काच

जुन्या लंबगोल फ्रेमना घुमटासारखी फुगीर काच असते. तिच्यावर आरशाची परीक्षा चालत नाही, कारण घुमट जवळजवळ सगळी खोली एका जागी गोळा करून दाखवतो. दिवा कुठेही ठेवा, तो काचेत कुठेतरी दिसणारच. इथे मी असं करते: खोली पूर्ण अंधारी, एकच दिवा. आधी तो डावीकडे दूर ठेवून एक फोटो, मग कॅमेरा न हलवता उजवीकडे ठेवून दुसरा. पहिल्यात चकाकी डाव्या कडेला पडते, दुसऱ्यात उजव्या. पहिल्याची उजवी बाजू आणि दुसऱ्याची डावी बाजू घेऊन मध्ये हळुवार जोडायची. दिव्याचं अंतर आणि उंची दोन्ही वेळा सारखी हवी, त्यासाठी मी जमिनीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा करून ठेवते.